साच्यातली नक्षी

महिन्या-दोन महिन्यांनी तीच फोटोंची जोडी फिरत फिरत माझ्या फोनवर येते. डावीकडे व्हिएन्नातली नाहीतर पॅरिसमधली एखादी जुनी इमारत: खिडकीगणिक महिरप, महिरपीच्या डोक्यावर मुखवटा, सज्जा खांद्यावर तोलणाऱ्या दगडी बायका. उजवीकडे काचेचा ठोकळा. खालचा मजकूर ठरलेला, की तेव्हा माणसं घडवायची आणि आता यंत्रं ओततात. मग जुंपते. एक गट हळहळतो, की औद्योगिक क्रांती आली आणि तिनं सौंदर्याच्या नरड्याला नख लावलं. दुसरा गट उसळतो, की ती सगळी सरदार-सावकारांची मिजास होती, साध्या भिंतींनी निदान गरिबाच्या डोक्यावर छप्पर तरी घातलं. दोन्हीकडची माणसं शिकलीसवरलेली, आमच्या ग्रुपमध्ये तर दोन आर्किटेक्टही आहेत. पण ज्या फोटोवरून एवढं रण माजतं, त्याच्याकडे नीट बघायची तसदी कुणी घेत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डावीकडच्या त्या नक्षीला यंत्रयुगानं मारलं, हे खोटं. ती यंत्रयुगाचीच लाडकी लेक. ती बहुतेक वेळा साच्यातून निघाली, आगगाडीतून आली आणि छापील यादीतून पसंत केली गेली. शिवाय इमारतीवर नक्षी असावी की नसावी, याची त्या काळातल्या तिखट डोक्याच्या माणसांना फारशी पडलेली नव्हती. ती घडवताना माणसाचं काय झालं, हे ते विचारत होते. तो प्रश्न आपल्या दोन्ही गटांनी मिळून गुंडाळून ठेवलाय.

लंडनपासून सुरुवात करू. एलिनॉर कोड नावाच्या बाईंनी १७६९ साली थेम्सकाठी लॅम्बेथमध्ये कृत्रिम दगडाचा कारखाना चालवायला घेतला. दगड म्हणायचा, पण मुळात ती भट्टीत भाजलेली मातीच. ओली असताना साच्यात दाबायची आणि भाजून निघाली की ऊनपाऊस शे-दोनशे वर्षं तिच्यापुढे हात टेकतात. बेडफर्ड स्क्वेअरमधल्या ज्या जुन्या दारांसमोर आज लोक फोटो काढतात, त्यांच्या कमानींच्या माथ्यावर एक दाढीवाला चेहरा आहे. जरा पुढे चालत गेलात की तोच बुवा पुन्हा भेटतो. तीच दाढी, तेच डोळे. एका साच्याची भावंडं. वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी बसवलेला पांढरा सिंहही १८३७ साली याच कारखान्यातून निघाला, तोही एका बिअरवाल्यासाठी. म्हणजे ज्या ‘जुन्या, हाताच्या’ लंडनसाठी आपण उसासे टाकतो, ते लंडन रेल्वे यायच्या आधीपासून साच्यांवर चाललं होतं.

यापुढची गोष्ट जास्त गमतीची. १६ ऑक्टोबर १८३४ ला ब्रिटिश संसदेची जुनी वास्तू जळाली. नवी बांधायची ती गॉथिक नाहीतर एलिझाबेथकालीन वळणाचीच, असं ठरलं. आराखडा चार्ल्स बॅरीचा, आणि नक्षीकामाचा बारीकसारीक तपशील ऑगस्टस प्युजिनचा. हा प्युजिन म्हणजे आपल्या काळावर दात खाऊन असलेला माणूस. १८३६ मध्ये त्यानं एक पुस्तक काढलं आणि मध्ययुगातल्या इमारती व त्याच्या काळातल्या इमारती समोरासमोर छापून दाखवल्या, बघा किती घसरलो आपण म्हणून. आपल्या फोनवरच्या त्या जोडीचा पणजोबाच म्हणायचा. आणि याच प्युजिनच्या संसदेतली लाकडावरची नक्षी कशी कोरली गेली? थॉमस जॉर्डननं १८४५ साली पेटंट घेतलेल्या यंत्रावर. नमुन्याचे चढउतार एक बोथट टोक चाचपत जायचं आणि त्याच हिशेबानं शेजारच्या लाकडांमध्ये फिरती पाती उतरायची. एका नमुन्यावरून एका वेळी अनेक प्रती. शेवटचा हात तेवढा कारागिराचा. जमिनीवरच्या रंगीत फरश्या मिंटनच्या कारखान्यातल्या, पितळेचं काम बर्मिंगहॅमच्या हार्डमनचं. यंत्रयुगाच्या नावानं बोटं मोडणाऱ्याचं स्वप्न यंत्रानंच पुरं केलं. यात प्युजिनची लबाडी नव्हती. एवढ्या अवाढव्य वास्तूला एवढी नक्षी पुरवायची तर दुसरा इलाजच नव्हता.

आता अगदी उलट टोकाला जाऊ. १८५१ चं जागतिक प्रदर्शन, हाइड पार्क. प्रदर्शनाच्या इमारतीसाठी २४५ आराखडे आले आणि समितीला एकही पसंत पडला नाही. शेवटी काम मिळालं जोसेफ पॅक्स्टनला, जो मूळचा माळी. चॅट्सवर्थच्या बागेत काचघरं बांधून त्याचा हात बसलेला. त्यानं टीपकागदावर काढलेलं पहिलं रेखाटन आजही लंडनच्या संग्रहालयात जपलेलं आहे. बिडाचे खांब, बिडाच्या आणि घडीव लोखंडाच्या तुळया, लाकडी पन्हळी आणि काच. सगळे भाग ठरल्या मापाचे, एकावर एक नि एकाशेजारी एक जोडत जायचे. काच बसवणाऱ्यांसाठी छपराच्या पन्हळींवरून धावणाऱ्या ढकलगाड्याच केल्या होत्या. १ मे १८५१ ला राणीनं उद्घाटन केलं आणि साडेपाच महिन्यांत साठ लाख लोक बघून गेले. उजवीकडच्या फोटोतल्या काचेच्या ठोकळ्याचा मूळपुरुष शोधायचा तर तो हाच.

पण त्यातल्या काचांकडे जरा थांबून बघा. सुमारे तीन लाख काचा, बर्मिंगहॅमजवळच्या चान्स बंधूंच्या कारखान्यातल्या, प्रत्येकी ४९ इंच लांब, १० इंच रुंद. त्या कुठल्याही यंत्रातून सपाट पत्र्यासारख्या बाहेर पडल्या नव्हत्या. लांब नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा लगदा घ्यायचा, फुंकून फुगा करायचा, तो फुंकत आणि झुलवत झुलवत लांबट नळकांडं होईपर्यंत वाढवायचा. मग त्याची दोन्ही टोकं छाटायची, उभी चीर द्यायची आणि पुन्हा भट्टीत तापवून ते नळकांडं पापडासारखं उलगडून सपाट करायचं. धगीसमोर उभं राहून, छातीच्या भात्यावर. लाखांच्या हिशेबात. म्हणजे बघा, प्युजिनच्या गॉथिक संसदेत यंत्राची पाती फिरत होती आणि पॅक्स्टनच्या यंत्रमहालाची एकेक काच माणसाच्या फुप्फुसातून निघाली होती. इमारतीच्या तोंडावरून तिच्या पोटातले कष्ट ओळखता येतात, या समजुतीचं इथंच काय व्हायचं ते होतं.

आणि त्या सोवळ्या, साध्या काचमहालात मांडलं काय होतं? नक्षीनं लडबडलेल्या वस्तू. दिवे, घड्याळं, गालिचे, बिडाच्या खुर्च्या, सगळ्यांवर पानंफुलं, परी नि पोपट. त्यांतल्या बऱ्याच इतक्या बेढब होत्या की प्रदर्शनाच्या चालकांपैकी हेन्री कोलसारख्यांनाच लाज वाटली. १८५२ मध्ये त्यांनी जे संग्रहालय उघडलं, त्यात चुकीच्या तत्त्वांवर केलेल्या सजावटीसाठी एक खोलीच राखून ठेवली. लोकांनी तिचं नाव पाडलं भुताटकीची खोली. यंत्राला नक्षीचं वेड नाही आणि वावडंही नाही. जे मागाल ते तो राक्षस करून देतो. त्या काळात लोकांनी नक्षी मागितली. काचेवरचा कर १८४५ ला गेला, विटांवरचा १८५० ला, खिडक्यांवरचा १८५१ ला, आणि आगगाडीनं नॉटिंगहॅमकडची लाल वीट पिवळ्या विटांच्या लंडनच्या दारात आणून टाकली. लंडनच्या सेंट पँक्रस रेल्वे स्थानकाच्या हॉटेलचा तो प्रसिद्ध लाल रंग मालगाडीतून आलेला आहे. बरं, हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर आजही लाकडाची जाळी सीएनसी यंत्रावर तासाभरात कापून मिळते, देवघरांच्या दुकानात जाऊन बघा. यंत्र जर नक्षीचा मारेकरी, तर एवढी स्वस्त नक्षी येते कुठून?

पॅरिसचा दाखला थोडक्यात. १४ फेब्रुवारी १८८७ ला तिथल्या एका वर्तमानपत्रात कलावंतांचं निषेधपत्र छापून आलं, आयफेलच्या प्रस्तावित लोखंडी मनोऱ्याविरुद्ध. सही करणाऱ्यांत शार्ल गार्निए होता, पॅरिसच्या ऑपेराचा शिल्पी. १८७५ साली उघडलेल्या त्या ऑपेराच्या संगमरवराखाली आणि सोनेरी मुलाम्याखाली लोखंडी सांगाडा आहे, ही गोष्ट त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? निषेधपत्राच्याच दशकात नीसच्या वेधशाळेची इमारत गार्निएनं आणि तिचा फिरता घुमट आयफेलनं केला होता. म्हणजे भांडण लोखंड वापरण्याबद्दल नव्हतंच. ते चारचौघांत दाखवायचं की नाही, एवढ्यापुरतं होतं.

इथवर आल्यावर पहिला गट म्हणेल, ठीक, पण साच्यातली नक्षी ही खोटी नक्षी. आम्ही खरीबद्दल बोलतोय. हा मुद्दा भक्कम आहे आणि त्याचा वकीलही तगडा आहे: इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन. १८४९ मध्येच त्यानं लिहिलं की ओतीव किंवा यंत्रावर केलेली नक्षी म्हणजे फसवणूक, कारण नक्षीचं मोल तिच्यात ओतलेल्या माणसाच्या कष्टांत आणि मनात असतं. पॅक्स्टनच्या काचमहालाला तो एक मोठं काचघर यापलीकडे किंमत द्यायला तयार नव्हता. त्याचं निम्मं म्हणणं मला मान्यच आहे. बेडफर्ड स्क्वेअरमधला तो दाढीवाला तिसऱ्यांदा भेटला की काहीतरी विरतं खरं. यंत्रमागावरच्या पैठणीतला मोर पहिल्या दुकानात सुंदर दिसतो, दहाव्या दुकानात तोच मोर त्याच कोनात मान वळवून उभा असतो तेव्हा आपण नजर चुकवतो.

पण रस्किनचे आजचे भगत त्याला अर्ध्यावर सोडतात. १८५३ साली व्हेनिसच्या दगडांवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात तो जे म्हणाला, ते त्यांना परवडत नाही. तिथं उदाहरण आहे काचेच्या मण्यांचं. कारागीर काचेच्या बारीक कांड्या ओढतात, त्यांचे तुकडे पाडतात, दिवसभर तेच, हात थरथरेपर्यंत. हे मणी हौसेनं विकत घेणारी प्रत्येक तरुणी गुलामांच्या व्यापारात भागीदार आहे, असं तो बिनदिक्कत लिहितो. आता हे काम हाताचं होतं की यंत्राचं? पूर्ण हाताचं. त्याच प्रकरणात तो इंग्रज वाचकाला सांगतो, आपल्या दिवाणखान्यातलं गुळगुळीत, बिनचूक काम अभिमानानं बघतोस ना, त्या बिनचूकपणातच गुलामीची खूण आहे. म्हणजे हात विरुद्ध यंत्र अशी त्याची फाळणी नाहीच. काम करणाऱ्याला स्वतःचं डोकं वापरायला मिळालं का, नक्षी कोरताना तो सुखात होता का, एवढंच त्याला विचारायचं होतं. या कसोटीवर डावीकडचा फोटो धरून बघा.

असा प्रयोग एकदा झालाही. ऑक्सफर्डचं विज्ञान संग्रहालय, काम सुरू १८५५, उद्घाटन १८६०. रस्किनच्या मनाजोगी इमारत: बाहेर गॉथिक दगड, आत लोखंड आणि काच. पहिला लोखंडी सांगाडा छपराचा भार पेलेना म्हणून उतरवून नव्यानं करावा लागला. दगडकामासाठी आयर्लंडहून ओशे बंधू आले. छापील नमुना नाही, साचा नाही. विद्यापीठाच्या वनस्पती-उद्यानातून खरी झाडं-पानं आणायची, समोर ठेवायची आणि तीच दगडात उतरवायची. खांबांच्या माथ्यांवर उमटलेली ती पानं आजही ओळखता येतात. जेम्स ओशेची आठवण सांगतात की त्यानं माकडं कोरायला घेतली, विद्यापीठातल्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडलं, तेव्हा पठ्ठ्यानं दरवाजावर पोपट आणि घुबडं कोरून त्याच मंडळींची टवाळी केली. त्या पाखरांची मुंडकी नंतर उडवायला लावली. मग पैसे संपले. इमारतीच्या दर्शनी भागावरच्या कितीतरी खिडक्यांभोवतीचे दगड अजून कोरेच आहेत. स्वतंत्र बुद्धीच्या कारागिराला जगातलं एक श्रीमंत विद्यापीठ काही वर्षंसुद्धा पोसू शकलं नाही, की पोसायची त्याला इच्छा नव्हती?

रस्किनला मानणाऱ्या, घरसजावटीचा व्यवसाय करणाऱ्या विल्यम मॉरिसची गत वेगळी नव्हती. लाकडी ठशांनी हातानं छापलेले त्याचे भिंतीचे कागद, नैसर्गिक रंगांतलं कापड, सगळं देखणं आणि सगळं महाग. कारखानदारीला शिव्या देत तो जी घरं सजवायचा, त्यांतलं एक होतं लोदियन बेल या पोलादाच्या कारखानदाराचं. तिथं काम चालू असताना मॉरिस येरझारा घालत पुटपुटत होता. बेलनं विचारलं काय झालं, तर उसळून म्हणाला की श्रीमंतांचे डुकरासारखे चोचले पुरवण्यात माझा जन्म चाललाय. ही कथा सांगून मॉरिसला हसणारे भेटतात. मला त्याचा संताप प्रामाणिक वाटतो. स्वतःची कोंडी त्याला आपल्यापेक्षा स्पष्ट दिसत होती.

चित्रकारांनाही ती दिसत होती, काहींना. टर्नरनं १८४४ मध्ये पावसातून सुसाट येणारी आगगाडी रंगवली, मोनेनं १८७७ मध्ये सँ-लाझार स्थानकाची एकामागून एक चित्रं केली, आणि दोघांचीही नजर वाफेवर खिळलेली. काय नजर होती! पण आडोल्फ मेन्झेल नावाचा बर्लिनचा बुटका चित्रकार १८७२ साली सायलेशियातल्या रुळांच्या कारखान्यात गेला, ढीगभर रेखाटनं करून आला आणि तीन वर्षांनी अडीच मीटर रुंदीचं चित्र पुरं केलं. मधोमध लालबुंद लोखंड, चिमट्यांनी त्याला झोंबणारी माणसं. यंत्राचा सगळा थाटमाट आहे. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी आपल्या पुढ्यात, पत्र्याच्या आडोशाला बसून दोघं-तिघं डब्यातलं खातायत, एकानं बाटली तोंडाला लावलीय, टोपली घेऊन आलेली पोरगी थेट आपल्याकडे बघतेय. डावीकडे पाळी संपलेले अंग धुतायत. त्या पोरीच्या नजरेला नजर देऊन मग सांगावं, यंत्रानं सौंदर्य मारलं की वाढवलं.

पहिल्या गटाचा आणखी एक मुद्दा मी मान्य करतो. ‘जुनं वाईट ते पडलं, चांगलं तेवढं उरलं, म्हणून जुनं सगळं चांगलं वाटतं’, हे उत्तर ऐकायला हुशार आहे, पण पुरं पडत नाही. पॅरिसच्या आणि व्हिएन्नाच्या गल्ल्यांमध्ये निवडक चारच इमारती उरलेल्या नाहीत, रांगाच्या रांगा आहेत, आणि त्यांतली साधारण इमारतसुद्धा आपल्या साधारण इमारतीपेक्षा नटलेली आहे. मग असं का? व्हिएन्नातच बघू.

२० डिसेंबर १८५७ ला सम्राट फ्रान्झ योझेफनं शहराचा तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या मोकळ्या पट्ट्यात रिंगश्ट्रास हा जुन्या शहराभोवतीचा रुंद रस्ता उभा राहिला. आपल्याकडे दहा वर्षांच्या आतच मुंबईच्या किल्ल्याचा तट गव्हर्नर बार्टल फ्रियरनं पाडला आणि त्या जागेवर गॉथिक मुंबई उगवली. तिथला राजाबाई टॉवर सेंट पँक्रसच्या हॉटेलवाल्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं मुंबईचं तोंडही न बघता काढून दिला. पैसा प्रेमचंद रायचंदांचा, म्हणजे अमेरिकेतल्या यादवीच्या वेळी लँकेशायरच्या गिरण्यांना विकलेल्या कापसाचा. तेव्हा ‘यंत्र विरुद्ध नक्षी’ हे भांडण मुंबईकरानं तरी हसण्यावारी न्यावं. असो, व्हिएन्ना.

रिंगश्ट्रासवरचे ते राजवाडे बघून दुसरा गट सरदारांची मिजास म्हणतो, ते चूक आहे. त्यातले कितीतरी ‘राजवाडे’ म्हणजे भाड्याच्या बिऱ्हाडांच्या इमारती. ऑपेरासमोर जो हाइनरिशहोफ होता, तो घ्या. १८६१ ते १८६३ मध्ये थिओफिल हान्सननं बांधला. कोपऱ्यांवर बुरुज, भिंतीवर चित्रं, दिमाख सम्राटाचा, आणि आत भाडेकरू. मालक हाइनरिश द्राशे, व्यवसाय वीटभट्टीचा. शहराच्या दक्षिणेला वीनरबर्गच्या टेकडीवर त्याच्या भट्ट्या होत्या, युरोपातल्या सर्वांत मोठ्या वीट-कारखान्यांपैकी एक. इन्झर्सडॉर्फला त्याच उद्योगाची टेराकोटाची शाखा, जिथून खांबांचे माथे, वेलबुट्ट्या आणि पुतळे भाजून निघायचे. भिंत त्याचीच, भिंतीवरची नक्षीही त्याच मातीची. १८९८ मध्ये आडोल्फ लोस या तरुण वास्तुकारानं या सगळ्या रस्त्याला पोटेमकिनच्या गावांची, म्हणजे राणीला दाखवायला कापड-पुठ्ठ्याची उभी केलेल्या खोट्या गावांची, उपमा दिली. सिमेंटमध्ये ओतलेल्या दगडी दिसणाऱ्या वस्तू भिंतीला ठोकून बसवतात आणि भाडेकरूला सरदार झाल्यासारखं वाटतं, असा त्याचा टोमणा. पुढे तो नक्षीचाच वैरी झाला. पण नक्षी गेली ती लोसच्या व्याख्यानांनी गेली, असं मला वाटत नाही. जांभळ्या रंगाचं काय झालं ते आठवा. हजारो वर्षं तो राजेरजवाड्यांचा. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं डांबरापासून तो रंग बनवला, १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणी लेकीच्या लग्नात तो नेसून मिरवली, पुढच्या वर्षी लंडनला जांभळा गोवर झालाय अशी थट्टा छापून आली, आणि थोड्याच वर्षांत बड्या घरच्या बायकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. रंग तोच होता. फक्त मोलकरणीलाही परवडायला लागला होता. नक्षी दारोदार झाली तसं श्रीमंतांचं घर उघडंबोडकं होत गेलं.

दुसऱ्या गटाला वाटतं की उघड्याबोडक्या भिंतीत गरिबाचं कल्याण आहे. त्यांनी याच शहरातला कार्ल-मार्क्स-होफ बघावा. १९३० साली उघडलेली, किलोमीटरभर लांब, १,३८२ घरांची नगरपालिकेची वसाहत, कामगारांसाठी. प्रचंड कमानी, आणि कमानींच्या वर चिनीमातीचे पुतळे. कामगाराच्या दारावर पुतळा बसवायला समाजवादी नगरपालिकेला लाज वाटली नाही. उलट उजवीकडच्या फोटोतला काचेचा ठोकळा दिसायला कितीही सोज्ज्वळ असो, त्याच्या आतली वीट आणि त्याची मजुरी कुठून आली हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. पालघर-ठाण्याकडच्या भट्ट्यांवर उचल घेऊन अख्ख्या कुटुंबासकट राबणारे कातकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यांनाच पुढची हकिकत ओळखीची वाटेल. १८८८ साली व्हिक्टर अ‍ॅडलर नावाचा डॉक्टर वेष बदलून वीनरबर्गच्या भट्ट्यांवर शिरला. तोवर द्राशे वारला होता, धंदा भागधारकांच्या कंपनीचा झाला होता. मजूर बहुतेक बोहेमिया-मोराविया भागातून आलेले चेक. व्हिएन्नाचे लोक त्यांना हिणवून ‘विटांचे बोहेमी’ म्हणायचे. अ‍ॅडलरनं आपल्या साप्ताहिकात लिहिलं की त्यांना मजुरी पैशांत मिळत नाही, पत्र्याचे बिल्ले मिळतात, आणि ते बिल्ले भट्टीवरच्या खाणावळीबाहेर कुठं चालत नाहीत. एका दालनात पन्नास माणसं झोपतात, त्यात एक जोडपं आहे, आणि दोन आठवड्यांपूर्वी ती बाई त्याच दालनात, त्याच पन्नास जणांच्या देखत बाळंत झाली. रिंगश्ट्रासवरच्या खिडक्यांवरून टेराकोटाच्या देवता तेव्हाही खाली बघत होत्या. लोसनं त्या भिंतींना खोट्या म्हटलं, पण खोटेपणा दगडाच्या नकलेत होता की मजुरीच्या पत्र्यात?

व्हिएन्नात जुन्या इमारतींचा गिलावा पडतो तिथं आतली वीट दिसते. तिच्यावर दुतोंडी गरुडाचा ठसा आहे आणि बाजूला दोन अक्षरं: एच, डी. हाइनरिश द्राशे. विटा गोळा करणारे हौशी लोक ती अक्षरं बघून वीट कुठल्या काळातली ते सांगतात. तिच्या पाठीवर कधी कधी बोटांचे ठसेही असतात, ओल्या मातीत उमटलेले. ते कुणाचे, हे मात्र सांगता येत नाही.